एका राज्याचे दोन चॅम्पियन

शशिधर हुक्केरी हा अख्ख्या महाराष्ट्राचा मोटार चॅम्पियन आहे, हे अठ्ठ्याण्णव साली कोल्हापूरच्या उद्यमनगरात सगळ्यांना ठाऊक होतं. नसेल ठाऊक, तर त्याच्या वर्कशॉपवरचा बोर्ड वाचून कळत होतं. आठवडाभर लेथवर शाफ्ट काढायचे, आणि साखर कारखान्यांचा हंगाम संपला की रविवारी आपली जुनी पांढरी फियाट घेऊन बिद्रीकडच्या माळावर जायचं, असा त्याचा तीन वर्षांचा नेम.

माळ होता बाळासोंचा. बाळासो ऊस वाहतुकीचे ठेकेदार. हंगाम सरला की त्यांचे ड्रायव्हर मोकळे, ट्रॅक्टर मोकळे. एका वर्षी त्यांनी फळी लावून माळ सपाट केला, कडेनं भुसा भरलेली पोती रचली आणि जुन्या गाड्यांची शर्यत लावली. गोल फेरी, सगळी वळणं डावीकडं. पहिल्या वर्षी पाच गावच्या गाड्या आल्या. दुसऱ्या वर्षी एक गाडी साताऱ्याहून आली, तसं बाळासोंनी ढालीवर नाव कोरून घेतलं: ‘महाराष्ट्र राज्य अजिंक्यपद’.

त्या ढालीवर शशिधरचं नाव लागोपाठ दोनदा लागलं. त्यामागं डोकं होतं. सगळी वळणं डावीकडं, म्हणजे भार सगळा उजवीकडं. त्यानं मागच्या उजव्या चाकाच्या स्प्रिंगपाट्यात पोलादाचं एक पान जादा चढवलं. गाडी वळणावर अशी घट्ट बसायची, की बघणाऱ्याला वाटावं हिला कुणी दोरीनं धरलंय.

हे सगळं निपाणीला, मेव्हण्याच्या लग्नात फिसकटलं. जेवणाच्या पंगतीत सासऱ्यांनी शेजारच्या पाव्हण्याला मोठ्या अभिमानानं सांगितलं, “हे आमचे जावई. मोटारीच्या शर्यतीत महाराष्ट्रात पहिले.”

पाव्हणा इचलकरंजीचा होता. त्यानं हातातली बुंदी पानात ठेवली. “ते कसं काय? महाराष्ट्रात पहिली आमची रूपाली हाय की.”

“कोण रूपाली?” शशिधरनं विचारलं.

“रूपाली कांबळे. मोटार ट्रेनिंग स्कूल हाय तिचं. जयसिंगरावांच्या ट्रॅकवर गेल्या साली आन् औंदा, दोन्ही बारीला तीच. पेपरात फोटो आलावता. तुमचा आलावता का पेपरात?”

शशिधरचा नव्हता आला. त्या पंगतीत त्याला बुंदी गोड लागली नाही.

परतताना बायको सौंदर्या गालातल्या गालात हसत होती. “एका राज्याला दोन मुख्यमंत्री असत्यात व्हय?”

“हसू नगंस.”

“हसत न्हाई. जाऊन बघून तरी या, कसली हाय ती.”

पुढच्या रविवारी तो इचलकरंजीला गेला. जयसिंगरावांचे यंत्रमाग होते, आणि शेडच्या मागं चार एकराचं रान. तिथला ट्रॅक लहान, आवळ, आणि सगळी वळणं उजवीकडं. पाळी सुटलेले कामगार कुंपणाला गर्दी करून उभे. लाल मारुती एट हंड्रेड वळणाशी आली, आत बसलेल्या बाईनं हँडब्रेक खेचला, गाडीचं ढुंगण गरकन फिरलं आणि ती पुढच्या सरळ रेषेत निघूनही गेली. शशिधरनं मनातल्या मनात तोंडात बोट घातलं. मागून येणाऱ्या गाड्यांचे ड्रायव्हर तर ब्रेकच दाबत बसले होते.

शर्यत संपल्यावर तो तिच्याजवळ गेला. तिशीची असेल. हाताला ग्रीस, कपाळावर धूळ.

“मी शशिधर हुक्केरी. बिद्रीकडच्या माळावर...”

“ते दुसरे चॅम्पियन तुमीच व्हय?” तिनं त्याला आपादमस्तक न्याहाळलं. “बरं झालं आलासा. मला वाटलं, तुमचं नाव नुसतं भिंतीवरच असतंय.”

“पळूया की एकदा.”

“मी कवाबी तयार हाय. पण हितं पळलासा तर बाळासो तुमाला तिकडं पळू देतील का, ते विचारा आधी.”

त्यानं विचारलं. बाळासो खुर्चीतून उठलेच. “त्या जयसिंगाच्या रानात? तिथं पळणाऱ्याला माझ्या माळावर जागा न्हाई. ढालीवरचं नाव खरवडून काढीन, सांगून ठेवतो.”

दोन्ही मालकांचं वाकडं का होतं, हे कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. काही म्हणत, जयसिंगरावांनी वळणं मुद्दाम उजवीकडं केली, बाळासोंची डावीकडं म्हणून. एकाच्या ट्रॅकवर पळालेला दुसऱ्याकडं बाद, एवढं मात्र पक्कं.

शशिधर आठ दिवस तेच मनात घोळवत बसला. वडील भीमाप्पा रोज सकाळी वर्कशॉपात येऊन बाकड्यावर बसत. त्यांनी शेवटी घरच्या कानडीतली लेकाची हाक मारून विचारलं, “मगा, काय झालंय?”

“अप्पा, तिकडं गेलो तर चॅम्पियन ऱ्हात न्हाई.”

“आन् न्हाई गेलास तर?”

शशिधरनं लेथ बंद केला. त्याच दुपारी तो इचलकरंजीला नाव देऊन आला.

तिथं त्याची जी फजिती झाली, ती बघायला उद्यमनगरातनं दोन टेंपो भरून माणसं गेली होती. त्यानं उजवं पान काढून डावीकडं चढवलं होतं, तेवढ्यानं भागेल असं त्याला वाटलं. पण गाडी बदलली तरी हात बदलले नव्हते. तीन वर्षं डावीकडं वळलेले ते हात. तिसऱ्या फेरीत रूपालीच्या मागं लागून त्यानं वळण घेतलं आणि फियाट थेट कडेला रचलेल्या सुताच्या टाकाऊ गाठोड्यांत घुसली. बाहेर निघाला तेव्हा डोक्याला, मिशीला, कॉलरला रंगीत धागे. लोक इतके हसले, की निशाणवाला निशाण दाखवायचं विसरला.

बाळासोंनी शब्द पाळला. ढालीवरचं नाव खरवडलं आणि दुसऱ्या नंबरच्या ड्रायव्हरचं घातलं. तो बिचारा स्वतः शशिधरकडं आला. “शशीअण्णा, मी तुला एकदाबी हरवलं न्हाई. लोक हार घालाय लागल्यात. मला लाज वाटती.”

ते ऐकल्यापासून शशिधरला स्वतःच्याच दोन वर्षांची शंका यायला लागली. पाच गावं आणि एक साताऱ्याची गाडी. ह्याला राज्य म्हणायचं?

पंधरा दिवसांनी लाल मारुती वर्कशॉपच्या दारात थांबली. रूपालीच होती. चहाचा पहिला घोट घेतल्या घेतल्या म्हणाली, “जिंकले, पण पोट भरलं न्हाई. तुमी माझ्या वळणांवर पळलासा. तुमच्या वळणांवर मी कुठं पळलेय?”

“बाळासो पळू देणार न्हाईत.”

“मग तिसरं रान बघू. आधी पाच फेऱ्या डावीकडनं, मग पाच उजवीकडनं. दोन्हीचा टाइम मिळवायचा. ज्याचा कमी, तो जिंकला.”

शशिधरनं आपला कप बाजूला सारला. इतकी साधी गोष्ट तीन वर्षांत कुणाच्या डोक्यात आली नव्हती. “आन् राज्याचं नाव द्यायचं असलं,” तो म्हणाला, “तर राज्याला सांगाय पायजे.”

पन्हाळ्याच्या पायथ्याला एका ओळखीच्या शेतकऱ्याचं पड रान मिळालं. रूपालीनं तीस पोस्टकार्डं लिहिली. नागपूरपासून सावंतवाडीपर्यंतच्या ट्रेनिंग स्कूलना आणि गॅरेजना. शशिधरनं पेपरात छोटी जाहिरात दिली. बाळासो आणि जयसिंगराव, दोघांनीही आपापल्या ड्रायव्हरांना तंबी दिली. पण एप्रिलच्या त्या रविवारी बाळासोंचा माळ ओस पडला, जयसिंगरावांच्या कुंपणाला कुणी टेकलं नाही. मग दोघेही, निव्वळ बघायला म्हणून, पन्हाळ्याच्या पायथ्याला आले आणि चिंचेखाली एकाच सावलीत, एकमेकांकडं पाठ करून उभे राहिले.

अठरा गाड्या आल्या. पुण्याच्या दोन, सोलापूरची एक, सांगलीच्या तीन. शर्यत सुरू व्हायला अर्धा तास असताना एक करडी अँबॅसिडर डुलत डुलत मैदानात शिरली. टपावर ट्रंक, मागच्या सीटवर एक म्हातारी आणि तिच्या मांडीवर पाण्याची कळशी. ड्रायव्हर उतरला. “प्रसेनजीत. नांदेडहून आलो. कार्ड मिळालं होतं.”

“हीच गाडी शर्यतीतबी पळवणार?” शशिधरनं विचारलं.

“दुसरी कुठून आणू? आईला इचलकरंजीजवळचं माणगाव बघायचं होतं, वीस साली बहिष्कृत समाजाची परिषद झाली ती जागा. म्हटलं, दोन्ही कामं होतील.”

लोकांनी अँबॅसिडरला बघून शिट्ट्या मारल्या. त्याच्या आईला, शेवंताबाईंना, कळशीसकट उतरवून सावलीत, नेमकं बाळासो आणि जयसिंगरावांच्या मधोमध बसवलं, आणि निशाण पडलं.

शशिधरनं महिनाभर उजवी वळणं गिरवली होती. जादा पान दोन्हीकडनं काढून टाकलं होतं. डावीकडच्या पाच फेऱ्यांत तो पुढं होता, उजवीकडच्या पाचात रूपाली. दोघांचं लक्ष एकमेकांवर. अँबॅसिडरकडं कुणी बघितलंच नाही. ती ना ब्रेक मारत होती, ना ढुंगण फिरवत होती. प्रत्येक वळणाला ती सगळ्या अंगानं हलकेच घसरायची आणि जिथं थांबायला हवं तिथंच थांबायची. डावीकडं तेच, उजवीकडं तेच.

घड्याळवाल्यानं आकडे दोनदा मिळवले. मग कर्ण्यावरनं सांगितलं: पहिला नांदेडचा प्रसेनजीत. दुसरी रूपाली कांबळे, चार सेकंदांनी मागं. तिसरा शशिधर हुक्केरी, तिच्यामागं अर्ध्या सेकंदानं.

 शशिधरनं रूपालीकडं बघितलं, रूपालीनं त्याच्याकडं, आणि दोघंही खो खो हसायला लागले. इतकं हलकं त्याला ढाल मिळाली तेव्हाही वाटलं नव्हतं.

“आपण दोघं,” रूपाली डोळे पुसत म्हणाली, “कशाचे चॅम्पियन होतो वं?”

“दोन तालुक्यांचे. आज राज्यात तिसरा आलो, खऱ्या राज्यात. सौंदर्याला सांगाय पायजे.”

चिंचेखाली बाळासो जयसिंगरावांना तोंड न वळवता म्हणत होते, “पुढच्या साली पोती माझी वापरा. तुमची गाठोडी मऊ हाईत, पण गाडीत धागे अडकत्यात.” जयसिंगरावांनी हुं केलं. त्या दोघांच्या बाबतीत हे फार झालं.

शशिधर थेट प्रसेनजीतकडं गेला. “पावणं, ही घसरण कुठं शिकलासा?”

“गोदावरीच्या पात्रात. उन्हाळ्यात वाळू उघडी पडते. तिथं ब्रेक मारला की रुतलात. न मारता वळायला शिकावंच लागतं.”

“मला दाखवशीला?”

“आत्ता माणगावला निघालोय. बसा की शेजारी.”

“माणगाव माझ्याच वाटेवर हाय,” रूपाली म्हणाली. “मी पुढं होते, माझ्या मागनं या.”

शशिधर फियाटची किल्ली कुणाला द्यावी बघत होता, तोच गर्दीतनं पुढं येऊन सौंदर्यानं ती काढून घेतली. तिला गाडी येत होती. रूपालीच्या शाळेत ती गेल्या महिन्यापासून जात होती, हे त्याला त्या क्षणी कळलं. तो तोंडाचा आ मिटून अँबॅसिडरमध्ये पुढं बसला. पहिलं वळण आलं तसा तो प्रसेनजीतच्या हातांकडं वाकून बघायला लागला.

मागून शेवंताबाई म्हणाल्या, “हळू घे रे बाबा. कळशी भरलेली आहे.”