खोबऱ्या आंब्याचं मीठ

अव्वाचा, म्हणजे माझ्या आईचा, पाय घरात ठरत नव्हता. तव्यावर भाकरी टाकायची आणि शेताकडे निघायची, अर्ध्या वाटेवर चूल आठवली की माघारी. तिचं सगळं चित्त बांधावरच्या खोबऱ्या आंब्यात होतं. त्याच्या बुडाशी माझ्या अप्पांची समाधी आहे.

लातूर नवा जिल्हा झाला आणि अप्पांचे धाकटे भाऊ, महादेवप्पाकाका, यांच्या अंगात दुकान शिरलं. जिल्ह्याच्या गावी दुकान थाटायचं, त्याला फळ्या हव्यात, म्हणून सामायिक बांधावरचा आंबा तोडायचा. पण आंबा कायद्यानं राखलेला. वनखात्याच्या माणसानं हिरव्या झाडाला परवानगी नाकारली. "वाळलं तर बघू," म्हणाला. काकांचं तोंड उतरलं आणि मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू!

अव्वाला मात्र कायद्याचा भरवसा नव्हता. त्यानंतर अप्पा गेले तेव्हा ती हटून बसली, समाधी आंब्याखालीच. भावाच्या डोक्यावर कुऱ्हाड कोण चालवेल? आम्हा लिंगायतांच्या रीतीप्रमाणे अप्पांना खड्ड्यात मांडी घालून बसवलं, हातात इष्टलिंग दिलं, भोवती विभूती, बेल आणि मीठ घातलं. विधी सांगणारे स्वामी पुरे म्हणाले, पण अव्वा ऐकेना.

"मिठाची आनखी पोती आना. माझ्या मानसाला कमी पडाय नको."

पुढे पावसानं दडी मारली. समाधीच्या बाजूच्या फांद्या आधी वाळल्या. दुष्काळ म्हणावा तर शेजारच्या रानातले आंबे तग धरून होते. टँकरच्या पाण्यातली घागर अव्वा आंब्याला घालायची. घरात प्यायला पाणी नाही आणि हिचं हे, म्हणून मी कावायचे. ते पाणी आटलं की मातीवर पांढरं फुटायचं. एक दिवस तिनं ते बोटावर घेतलं, जिभेला लावलं आणि घागर खाली ठेवली.

"सिंधु, म्याच मारलं गं झाडाला."

समाधीतलं मीठ मुळांशी उतरलं होतं. खरंच होतं ते.

निम्म्या वाळलेल्या झाडाला परवानगी मिळाली आणि काका तोडणाऱ्यांना घेऊन आले. अव्वा कुदळ घेऊन आधीच उभी.

"मीठ काढते. आर्धं झाड जित्तं हाय अजून."

काकांनी कुदळ धरली. "वैनी, दादा बसलाय तिथं!"

"म्हनून तर. उन्हात बसवू काय त्याला?"

तिनं हिसडा देऊन घाव घातला, मग दुसरा. मिठाची ढेकळं निघाली. त्यात काळी पडलेली बेलाची पानं दिसली तेव्हा तिचा हात थांबला. अजून खाली गेलं तर अप्पाच होते. तिनं ती पानं पदरानं पुसली, परत ठेवली आणि दोन्ही हातांनी माती लोटली.

"तोडा," ती म्हणाली.

काकांनी मान खाली घातली, पण तोडणाऱ्यांना माघारी धाडलं नाही. मला त्यांचा फार राग आला, अव्वाचाही आला. दुपारपर्यंत आंबा आडवा झाला. समाधीवर ऊन रखरखलं.

फांद्या गाडीत भरून सगळे गेले. अव्वा उठून उन्हाच्या बाजूला गेली आणि तिची सावली समाधीवर पडेल अशी बसली. ऊन सरकलं की तीही सरकायची. मी घरी चल म्हटलं, दोनदा म्हटलं. तिनं डोक्यावरचा पदर हातांनी ताणून रुंद केला.