बत्तीस नंबरची तळटीप

मी एक जुनी तळटीप आहे, क्रमांक बत्तीस. मित्रांनो, तुम्ही पान वाचता आणि उलटता. पायथ्याशी बारीक अक्षरात कोण बसलंय हे कोणी बघत नाही, म्हणून आधीच सांगून टाकते.

मालेगावच्या रत्नमालाने रानभाज्यांवर प्रबंध लिहिला, त्यात माझा जन्म झाला. तरोटा कोवळा असताना कसा खुडावा, हे तिला जऊळक्याच्या भागिरथाबाईंनी सांगितलं होतं. जन्मभर लोकांच्या शेतात तण काढायला, निंदणाला गेलेली बाई ती. एकतिसाव्या टिपेत त्यांचं पूर्ण नाव होतं. माझ्या वाट्याला एकच शब्द, ‘कित्ता’. म्हणजे वर आहे तेच. मार्गदर्शक सर म्हणाले, टिपा चोख आहेत. मी किती फुगले म्हणून सांगू!

पुढे प्रबंध ग्रंथालयाच्या कपाटात गेला. सहा वर्षांत एकही बोट माझ्यावरून फिरलं नाही. एकटेपणाची सवय होते म्हणतात, मला काही झाली नाही.

यंदा रत्नमालाने प्रबंध वेबवर टाकला. तिथे पानच नसतं, मग पायथा कुठला? आकड्यावर बोट टेकवलं की छोट्या चौकटीत तेवढी एकच टीप उघडायची.

ती मोबाइल घेऊन हौसेने जऊळक्याला गेली. भागिरथाबाई प्रौढांच्या वर्गात स्वतःचं नाव तेवढं वाचायला शिकल्या होत्या. रत्नमालाने दाखवलेल्या, तरोट्यापुढच्या आकड्यावर त्यांनी बोट ठेवलं आणि मी उघडले. बाईंनी मोबाइल डोळ्यांजवळ धरला.

“याच्यात माहं नाव कुठी हाय?”

“वरच्या टिपेत हाय, मावशी. हे म्हंजे तेच.”

“सांगतलं तं मी, पोरी. मंग मले पाह्याले लोकाइनं वर काहून जा लागते?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर काही दिसत नसताना ‘वरचंच’ म्हणत बसले होते मी.

तिथेच ओसरीवर बसून रत्नमालाने बाईंच्या सांगण्याला जोडलेला एकेक कित्ता पुसला आणि प्रत्येक ठिकाणी वाक्यातच लिहिलं, ‘भागिरथाबाई खिल्लारे सांगतात’. शेवटी माझी पाळी आली. पुसली जाताना मी बाईंचं बोट त्या नावावर टेकलेलं पाहिलं. बोट हलत नव्हतं.

आता मी फक्त कपाटातल्या प्रतीत आहे. मित्रांनो, कोणाचं सांगणं घेतलंत, तर त्याचं नाव त्याच्या शेजारीच लिहा. आणि कधी ते कपाट उघडलंत, तर पानाच्या पायथ्यापर्यंत या.