फोटोत नसलेली पानं

मी एक जुनी कात्री आहे. कागद कापायची नाही, आणि कापड बेतायची तर नाहीच नाही. मी झाडं छाटायची कात्री. आखूड, जाड, नाकाने जराशी वाकडी. माझ्या मुठीवर एकेकाळी लाल रबर होतं, आता त्याचे पोपडे उरलेत. आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, माझी गोष्ट गोड नाही. गोड हवी असेल तर कॅमेऱ्याकडे जा. आम्ही दोघं एकाच बॅगेत राहतो. त्याला मधला मऊ कप्पा, मला बाजूचा, पाण्याच्या बाटलीशेजारचा.

माझा जन्म कारखान्यातला. आधी आग, मग हातोडा, मग पाणी, मग धार. शेवटी एका कारागिराने माझ्यात ओली काडी धरली, कट्‌ केलं, काप निरखला आणि मान हलवली. पहिलं कौतुक ते. तेसुद्धा कापाचं, माझं नाही.

मला विकत घेतलं बाईंनी. बाई दाताच्या दवाखान्यात पेशंटची नावं लिहून घ्यायच्या. दिवसभर लोकांचं कण्हणं ऐकायचं आणि घरी आलं की चपलाही न काढता थेट मागच्या अंगणात जायचं, अशी त्यांची रीत. अंगण म्हणजे काय, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने तिरकं व्हावं एवढी पट्टी. एका टोकाला नळ, त्याचा कट्टा, कपडे वाळत घालायची दोरी, आणि भिंतीला टेकून बाईंची जास्वंद. माणसापेक्षा उंच, आतून इतकी दाट की हात घातला तर कोपरापर्यंत गुडुप.

बाईंचा हात मला अजून आठवतो. फांदीवर जिथून नवा कोंब फुटतो त्या जागेला डोळा म्हणतात. बाई आधी तो डोळा अंगठ्याने चाचपायच्या, त्याच्या जरा वर मला तिरकी धरायच्या आणि एकदाच दाबायच्या. म्हणायच्या, नीट कापलं की फुटतं. झाडाला म्हणायच्या की मला, कोण जाणे. काम झालं की मला पुसून, तेलाचा थेंब देऊन खिळ्याला अडकवायच्या. मी कापते, पण माझ्यामुळे वाढतं, असा माझा समज झाला. समजच तो.

आता बाईंच्या नवऱ्याबद्दल. त्यांना सगळे चष्मेवाले म्हणायचे, कारण ते चष्म्याच्या दुकानात कामाला होते. काच घासायची, फ्रेममध्ये बसवायची, गिऱ्हाइकाच्या नाकावर ठेवायची आणि विचारायचं, "आता साफ दिसतंय?" गिऱ्हाईक हो म्हणालं की त्यांचा चेहरा असा खुलायचा, जणू डोळेच यांनी दिलेत. माणूस वाईट नव्हता. हे मी मुद्दाम सांगतेय. वाईट माणसाची गोष्ट असती तर मी सांगायच्या भानगडीत पडले नसते.

त्यांना फोटोचा नाद होता. दर रविवारी फोटोवाल्यांची एक टोळी निघायची. कधी तळ्यावर, कधी गवताच्या माळावर, काहीच नाही मिळालं तर बाजारात. टोळीचे म्होरके एक वकील. आणि चष्मेवाल्यांचं नशीब असं की त्यांच्या प्रत्येक फोटोत, ज्याचा फोटो त्याच्याच तोंडावरून एक काडी आडवी गेलेली. बगळा असो, खंड्या असो, सरडा असो, काडी हजर. बाजारात बसलेल्या म्हाताऱ्या चांभाराचा फोटो काढला, तर त्याच्याही नाकासमोर छत्रीची काडी. टोळीने त्यांचं नाव पाडलं काडीराव.

एका संध्याकाळी बाई जास्वंद छाटत होत्या आणि चष्मेवाले कट्ट्यावर बसून बूट काढत होते. तेव्हा ऐकलं मी ते. वकीलसाहेब सगळ्यांदेखत म्हणाले होते, "काडीराव, तुम्ही काड्यांचंच प्रदर्शन भरवा. मधेमधे पक्षी येतात, तेवढे सांभाळून घेऊ." सांगताना चष्मेवाले हसले. पण एक बूट काढला आणि दुसरा तसाच पायात ठेवून बसून राहिले. मग म्हणाले, एकदा, फक्त एकदा, टोळीचं प्रदर्शन भरतं त्या हॉलच्या भिंतीवर माझा फोटो लागला पाहिजे. मधे काहीही नसलेला.

पुढच्या रविवारी त्यांनी मला खिळ्यावरून काढलं आणि बॅगेत टाकलं.

सुरुवात एका गवताच्या पात्याने झाली. माळावर एक टिटवी बसली होती आणि पातं मधे येत होतं. आता एका पात्याने कुणाचं काय जातं? मग झुडपाची डहाळी. मग काटेरी फांदी. एकदा तर कुंपणाची बारीक तार मधे आली, तीही त्यांनी माझ्याकडून कापून घेतली. मी ओल्या लाकडासाठी जन्मलेली, तारेसाठी नाही. माझ्या पात्याला खाच पडली. फोटो मात्र झकास आला. टोळीत बोलणं सुरू झालं, काडीराव सुधारले हो. चष्मेवाल्यांची मान ताठ झाली. माझी खाच कोण बघतो?

बाईंनी बघितली. त्या खाचेमुळे माझा काप पूर्वीसारखा सफाईदार होईना. काप व्हायचा, पण सालीचा एक हिरवा धागा लोंबत राहायचा. बाई तो नखाने तोडायच्या. "कात्रीला काय झालं हो?" विचारलं त्यांनी. चष्मेवाले म्हणाले, जुनी झाली.

मग बुलबुल आले. त्याआधीच्या वर्षीही आले होते, पण वादळात त्यांचं घरटं पडलं आणि बाईंनी फुटकी अंडी सुपलीत उचलली होती. त्या दिवशी त्या जेवल्या नव्हत्या. म्हणून जोडी परत आली आणि त्याच जास्वंदीत आत, पानांच्या पोटात वाटीएवढं घरटं बांधलं, तेव्हा बाईंनी घरात कायदाच केला. छाटणी बंद. कपडे पुढच्या गॅलरीत वाळत घालायचे. नळ सावकाश सोडायचा. चहाचा कप घेऊन त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहायच्या आणि पानं हलली की समजायचं, आई आली. घरटं त्यांना दिसायचं नाही. त्यांना ते दिसायला नकोच होतं.

चष्मेवाल्यांना हवं होतं. प्रदर्शन तोंडावर आलेलं. ते बाईंच्या मागे लागले. बाई म्हणाल्या, "काढा फोटो. लांबून काढा. पण पानाला हात लावायचा नाही."

"अगं, मला काय कळत नाही का?"

"कळतं, म्हणूनच सांगतेय."

पिल्लं बाहेर आली त्या आठवड्यातली गोष्ट. बाई दवाखान्यात गेल्या आणि चष्मेवाल्यांनी दुकानात कळवून टाकलं की माझे डोळे आलेत, आज येत नाही. चष्म्याच्या दुकानात याहून पटणारी थाप नाही.

लांबून फोटो घेतले. नुसती पानं. जवळून घेतले. पानं, आणि पानांमागे काहीतरी तपकिरी. मग त्यांनी बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात हात घातला.

पहिलं एक पान. मग दुसरं. मग ज्या फांदीवर ती दोन्ही होती ती फांदीच. मग तिच्या मागची, कारण आता ती मधे यायला लागली. काडीचं असंच असतं मित्रांनो, एक काढली की मागे दुसरी उभी असते. त्याच बॅगेत सुतळीचं रीळ होतं. फांद्या बाजूला बांधता आल्या असत्या, फोटो झाल्यावर सोडता आल्या असत्या. पण सुतळीला गाठ मारायला वेळ लागतो. मला लागत नाही.

घरटं उघडं पडलं. तीन पिल्लं, अंगावर पिसाचा पत्ता नाही, नुसत्या चोची आणि लाल तोंडं. ऊन सरळ त्यांच्यावर आलं. आई किडा घेऊन परतली, जरा बिचकली, इकडेतिकडे उडाली, शेवटी घरट्याच्या काठावर बसली. किडा भरवला. आणि मग तिने पंख पसरले. दोन्ही. चोच उघडी टाकून धापा टाकत ती तशीच उभी राहिली, कारण पानांची सावली गेली होती आणि दुसरं काही तिच्याकडे नव्हतं.

कॅमेरा टकाटक वाजत होता. चष्मेवाले गुडघ्यांवर बसून पुटपुटत होते, "अशीच थांब गं. अशीच थांब."

पोटभर फोटो काढून ते आत गेले. मला कट्ट्यावर विसरले. म्हणून पुढचं मी पाहिलं. कावळा रोज त्या दोरीवर बसायचा, रोज उडून जायचा. त्या दिवशी बसला आणि मान तिरकी केली. बुलबुलांनी आकांत केला. इतका, की आतून कुणीतरी खिडकी धाडकन लावून घेतली. घरात फोटो निवडायचं काम चाललं होतं. आवाजाने लक्ष लागत नसेल.

त्यानंतरचं सांगत नाही. कावळ्यालाही मी दोष देत नाही. त्याला भूक होती. चष्मेवाल्यांना कसली होती?

बऱ्याच वेळाने ते बाहेर आले आणि रिकामं घरटं बघून त्यांचा चेहरा खरंच उतरला. पण उतरलेल्या चेहऱ्याने त्यांनी काय केलं? मला उचललं आणि जास्वंदीची ती सगळी बाजू खरडून काढली, म्हणजे सकाळचे काप वेगळे दिसायला नकोत. पानं पोत्यात भरून दूरच्या कचराकुंडीत टाकून आले.

बाई आल्या त्या नेहमीसारख्या चपलांसकट. चष्मेवाल्यांनी सांगितलं, कावळा आला होता, फांद्यांची पार वाट लावली, तुला बघवलं नसतं म्हणून छाटून टाकलं. निसर्गच आहे तो, त्याला आपण काय करणार. बाई कट्ट्यावर माझ्या शेजारी बसल्या. मग म्हणाल्या, "एवढी पानं होती. दिसलं कसं त्याला?"

"कावळ्याचे डोळे गं."

प्रदर्शनात त्या फोटोला पहिला नंबर मिळाला. खाली नाव होतं 'मायेची सावली'. हॉलमध्ये ही गर्दी, लोक डोळे पुसतायत, आई ती आईच म्हणतायत. मी चष्मेवाल्यांच्या खांद्यावर, बॅगेत. वकीलसाहेबांनी माइकवरून विचारलं, "काडीराव, आज काडी कुठे विसरलात?" हॉल हसला. चष्मेवाल्यांनी माइक घेतला आणि म्हणाले, "निसर्गाने दाखवलं तेवढंच टिपलं. मी फक्त धीर धरला."

बाई कौतुकाने त्यांच्याकडे बघत होत्या. खरंच कौतुकाने. मग त्या फोटोच्या जवळ गेल्या, त्या पिल्लांना एकदा नीट बघायला. जिवंतपणी बघितली नव्हती ना. पर्समधून चष्मा काढला. त्याची काच चष्मेवाल्यांनीच घासून दिलेली, उत्तम काच. त्यांनी पिल्लं बघितली, आईचे पंख बघितले, आणि नजर खाली कोपऱ्यात गेली. तिथे एका फांदीचा पांढराधोप काप होता, ताजा. त्याला सालीचा एक हिरवा धागा लोंबत होता.

चष्मेवाले हातात गुच्छ घेऊन हसत हसत त्यांच्याकडे आले. बाईंनी मागे वळून त्यांच्याकडे बघितलं, चष्म्यातून.

"आता साफ दिसतंय," त्या म्हणाल्या.

एवढंच. आजूबाजूच्या लोकांना वाटलं बायको फोटोची तारीफ करतेय. एकाने टाळीसुद्धा वाजवली.

घरी आल्यावर बाईंनी बॅगेतून मला बाहेर काढलं आणि जेवणाच्या टेबलावर चष्मेवाल्यांच्या ताटासमोर ठेवलं. चष्मेवाले बोलायला लागले, अगं, दोन पानं, तुला काय वाटलं... बाईंनी त्यांना बोलू दिलं. मग म्हणाल्या, "मी विचारलं होतं तुम्हाला. दिसलं कसं त्याला." आणि उठून गेल्या. त्यानंतर त्यांनी मला हातात धरलेलं नाही. वाळलेली फुलं त्या नखाने खुडतात.

घर मोडलं वगैरे नाही. दोघं एकाच घरात राहतात, चहा होतो, भाजी काय आणायची ते बोलणं होतं. फक्त चष्मेवाले काही सांगायला लागले की बाई ऐकताना त्यांच्याकडे बघत नाहीत.

चष्मेवाल्यांनी मला परत बॅगेत टाकलं, अजून तिथेच आहे मी. रविवार चालू आहेत. मध्यंतरी एका शाळेने चष्मेवाल्यांना बोलावलं, मुलांना निसर्गप्रेम शिकवायला. पडद्यावर तो फोटो लावला होता. पुढच्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली आणि तिने विचारलं, "त्या पिल्लांचं पुढे काय झालं?"

चष्मेवाल्यांनी पाण्याचा घोट घेतला. "मोठी झाली," ते म्हणाले, "आणि उडून गेली." मुलांनी टाळ्या वाजवल्या.

जास्वंद पुन्हा भरली आहे म्हणे. बाटली भरताना चष्मेवाले स्वतःशीच म्हणाले तसं. फुटणारच. डोळे शाबूत होते तिचे.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंनी शेवटी काहीतरी मागायचं असतं. आम्हाला पुसा, तेल द्या, फेकू नका. मला तेल नको. गंजू द्या. माझं मागणं वेगळं आहे. सुंदर फोटो बघितला तर खुशाल टाळ्या वाजवा, पण आधी त्या मुलीचा प्रश्न विचारा. आणि उत्तर पटकन आलं, तर पुन्हा एकदा विचारा.