गच्चीवर आखलेलं घर

सोसायटीच्या पुनर्विकासाचा करार सह्यांसाठी तयार होता आणि ऐन वेळी सोसायटीच्याच वकीलबाईंनी त्यात खोडा घातला, म्हणून सेक्रेटरींचं डोकं सणकलं होतं. त्यात बाईंनी सगळ्या घरमालकांना गच्चीवर बोलावलं, तेही हातात खडू घेऊन.

"शाळा भरवताय का?" सेक्रेटरी पुटपुटले.

बाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. करारात नव्या घराचं माप भिंती धरून दिलं होतं. बाईंनी भिंतींची जाडी वजा केली आणि उरलेलं घर गच्चीवर खऱ्या मापात आखायला घेतलं. गुडघे टेकून, टेप धरून, भर उन्हात त्यांनी एकेक दार आखलं. सेक्रेटरींचा राग हळूहळू विरत गेला.

सह्या घ्यायला आलेला बिल्डरचा माणूस हसत म्हणाला, "मॅडम, कागदावर सगळं आहेच की."

"कागदावर कुणी झोपत नाही," बाई म्हणाल्या. मग त्या तळमजल्यावरच्या उंचपुऱ्या काकांकडे वळल्या. "काका, ही तुमची मागची खोली. जरा आडवे होता का?"

काका आडवे झाले. डोकं एका भिंतीला टेकलं आणि पाय दुसरी भिंत ओलांडून थेट शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात गेले.

कुणीच हसलं नाही. हा करार सेक्रेटरींनी चार वेळा वाचला होता, पण हे पाय त्यांना एकदाही दिसले नव्हते. त्यांनी बाईंकडून खडू मागून घेतला आणि बिल्डरच्या माणसाच्या हातात ठेवला.

"आता भिंत तुम्ही आखा, पायांच्या पलीकडे. काका, तोवर उठू नका."