नव्या सुनेची व्याख्या

आमच्या सासूबाईंनी, लंकाबाईंनी, सगळ्या भावकीसमोर जाहीर केलं, "आता आमच्या घरात सुनांनी डोक्यावर पदर घ्यायचा नाय. सकाळचा चहा ज्याचा त्यानं करायचा." निमित्त होतं धाकट्या जावेचं, तेजलचं, लग्न. मी थोरली, योगिनी. ऐकून मला इतका आनंद झाला की मी जिलबी परत मागून घेतली.

मला सकाळ हवीच होती. मी मखमलाबादला घरी बसून कंपनीचं प्रोग्रॅमिंग करते. परदेशी लोकांबरोबरची सकाळी सातची मीटिंग सांभाळली तर अख्खी टीम माझ्या हाताखाली येणार होती, नाहीतर माझ्याबरोबर काम करणाऱ्या ज्ञानेशच्या. आणि सातलाच आमची घरची माणसं मळ्यातली फुलं मार्केटला पोचवून चहाला परततात.

वरात आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सातला मी लॅपटॉप उघडला. तेजल झोपली होती. दारात सासूबाई.

"चहा?"

"आई, तुम्हीच म्हणालात ना, ज्याचा त्यानं."

"ते नव्या सुनांला. तू जुनी हाय. तुला सवय हाय."

झालं! नियम बदलला, मी होते तिथेच. पदर सावरून आधण ठेवलं. मीटिंगला उशिरा पोचले. साहेब म्हणाले, "उद्या शेवटचं बघू."

दिवसभर राग लॅपटॉपवर काढला. शेलमध्ये, म्हणजे जिथे ओळ लिहिली की लगेच उत्तर येतं तिथे, मी 'ग्राहक' या क्लासची, एकेक ग्राहक ज्यातून बनतो त्या साच्याची, व्याख्या नव्याने लिहिली: प्रत्येक ग्राहकाला सवलत. नवा ग्राहक बनवला, त्याला सवलत मिळाली. सकाळी बनवलेल्याला मिळेना. विचारलं, हा ग्राहक आहे का? उत्तर आलं, नाही. अरे मेल्या, नाव तेच, बनवला मीच, आणि म्हणे ग्राहक नाही!

शेवटी ज्ञानेशलाच फोन लावला.

"ताई, सकाळचा ग्राहक जुन्या व्याख्येवर बनलाय. तुम्ही त्याच नावाची दुसरी व्याख्या लिहिलीत. त्याला काय पत्ता?"

"मग त्याला समजवायचं कसं?"

"समजावत बसू नका. नव्याने बनवा."

फोन ठेवला आणि माझी नजर उंबऱ्यावर गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडीऐवजी ड्रेस घातला. उंबऱ्यावर माप ठेवलं, माझ्या लग्नातलंच, तांदळानं भरून. अंगणात गेले, वळले आणि उजव्या पायाने माप लवंडलं. तांदूळ पार देव्हाऱ्यापर्यंत गेले.

सासूबाई धावत आल्या. "अगं बाई! हे काय?"

"नवी सून, आई. आत्ताच आले."

आता आरडाओरडा होणार म्हणून मी जीव मुठीत धरला. त्यांनी तांदूळ पाहिले, मला पाहिलं आणि दार अडवलं.

"नाव घे. नाव घेतल्याबिगर आत नाय."

"देव्हाऱ्यातल्या समईत तुपाची वात, संतोषरावांचं नाव घेते, वाजायला आले सात."

त्या बाजूला झाल्या. मीटिंगला मी वेळेवर होते. टीम मला मिळाली.

आनंदाने बाहेर आले. चहा संतोषच उकळत होता, पत्ती जरा जास्तच टाकून. तांदूळ झाडलेले होते आणि उंबऱ्यावर माप पुन्हा भरून ठेवलं होतं. अंगणात सासूबाई उभ्या होत्या. त्यांच्या डोक्यावरचा पदर खांद्यावर आलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

"बघती काय? हो बाजूला," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी उजवा पाय उचलला.