काचेखालची फट

आमच्या गॅरेजमध्ये प्रत्येक गाडीचे दोन भाग व्हायचे. बॉनेटखालचं सगळं दादाचं आणि डॅशबोर्डपासून मागचं सगळं माझं. इंजिन, गिअर, पाइप तो बघणार. वायरी, दिवे, बटणं मी बघणार. गाडीत इंजिन आणि माणसं यांच्यामध्ये एक लोखंडी पत्रा असतो. तो पत्रा म्हणजे आमची हद्द.

शिवाय उन्हाळ्यापासून आमचा अबोला होता. एका गिऱ्हाइकासमोर दादा म्हणाला होता, "याला बल्ब बदलण्यापलीकडे काय येतंय?" गिऱ्हाईक हसलं. मी गप्प बसलो तो बसलोच. एका छपराखाली आम्ही दिवसभर भिंतीशी बोलायचो. "दहाचा पाना कुणाच्या तरी खिशात गेलाय," असं दादा छताकडे बघून म्हणायचा. मी पाना बाकावर आपटायचो. झालं उत्तर.

आमची बहीण, ताई, शाळेची व्हॅन चालवायची. आठ मुलं, त्यातली एक तिची स्वतःची, सात वर्षांची. एका जागी बसायची नाही, म्हणून आम्ही तिला ठिणगी म्हणायचो. थंडीतल्या एका रविवारी दोघी व्हॅन घेऊन आल्या.

"बारक्या, पंख्याचा नॉब बघ रे," ताई म्हणाली. "नुसता गरागरा फिरतो. हीटरची ऊब आत येतच नाही. त्यात दादा म्हणतो, खिडक्या उघड्या ठेव. पोरं कुडकुडतात. काल एकीची आई मला विचारते, पोरगी शाळेत पाठवतेय की फ्रिजमध्ये?"

"खिडक्या कशाला उघड्या ठेवायच्या?"

"मला काय ठाऊक! सामान येईपर्यंत उघड्या ठेव म्हणाला. या नॉबचंच म्हणत असेल."

दादा दहा पावलांवर एका टेम्पोखाली आडवा पडला होता. त्याचे बूट दिसत होते. मी विचारू शकलो असतो. विचारलं नाही.

ठिणगी शेजारच्या सीटवर मांडी घालून बसली. मी नॉबमागे कापडाची पट्टी सरकवली, तिची दोन्ही टोकं धरली आणि हळूच ओढलं. नॉब अलगद हातात आला.

"पकडीने का नाही ओढलं, मामा?"

"पकडीने कडा चेपते. कापडाने सगळीकडून सारखा जोर लागतो. आता आत बघ. ही दांडी एका बाजूने चपटी आहे ना? नॉबचं भोकही तसंच चपटं आहे. म्हणून नॉब फिरला की दांडी फिरते. आता भोकाच्या कडेला काय दिसतंय?"

तिने डोळा बारीक केला. "चीर!"

"बरोबर. चीर पडली की भोक सैल होतं. नॉब फिरतो आणि दांडी जागेवरच."

मी चिरेत गोंद भरला, त्यावर तांब्याची बारीक तार गुंडाळून पीळ दिला आणि चिमटा लावून ठेवला. गोंद वाळेपर्यंत तिचं चालूच होतं.

"ऊब इंजिनाची, मग हवा कुठली?"

"बाहेरची. पुढच्या काचेखाली, बॉनेटच्या मागच्या कडेला फट असते. पंखा तिथून हवा ओढतो, ती तापवतो आणि आपल्यावर सोडतो."

"मग तिथे घाण हवा असली तर?"

"तर घाण हवा येणार. पंख्याला काय कळतंय?" मी हसून म्हणालो.

नॉब बसवला आणि इंजिन सुरू केलं. पुढून आवाज आला, टिक टिक टिक, भराभर, कुणीतरी नखाने पत्रा वाजवावा तसा. ठिणगीने कान टवकारले. "मामा, आत घड्याळ आहे?"

"ते दादामामाचं खातं," मी म्हणालो. इंजिन तापलं तसा आवाज बारीक होत गेला आणि थांबला. मी तो मनातून काढून टाकला.

नॉब एकवर, दोनवर, तीनवर. प्रत्येक खटका नीट लागत होता. गरम हवा सुटली. ठिणगीने दोन्ही तळवे पुढे केले. ती रोज पुढेच बसायची, म्हणून मधली जाळी मी तिच्या तोंडाकडे वळवून दिली.

सोमवारी दुपारी ताई आली ती कौतुक करतच. "काय जादू केलीस रे! सगळी वानरसेना शाळेपर्यंत झोपलेली. एक शब्द नाही. हाका मारमारून उठवलं एकेकाला."

"उबेत झोप येणारच."

"माझं डोकं मात्र सकाळपासून ठणकतंय. आणि हिचा डबा तसाच परत आला. मळमळतंय म्हणाली."

"थंडी बाधली असेल," मी म्हणालो आणि हातातलं काम करत राहिलो.

मंगळवारी सकाळी आठच्या आधीच दादाकडे एक पार्सल आलं. ते फोडता फोडता तो भिंतीला म्हणाला, "ताईची व्हॅन दुपारी इथे पाहिजे म्हणावं. गॅस्केट आलंय. चार दिवस पोरं गारठली बिचारी."

कित्येक महिन्यांनी मी त्याच्याकडे तोंड करून बोललो. "कसलं गॅस्केट?"

तोही चपापला. "इंजिनाला धुराचा पाइप जोडतात तिथली फट बुजवणारं. फुटलंय. धूर बॉनेटखालीच सुटतो. आवाज येतो ना टिक टिक? म्हणून तर खिडक्या उघड्या ठेवायला सांगितल्या. पंखा बंदच होता, त्यामुळे आत ओढला जायचा प्रश्न नव्हता."

"पंखा चालू आहे," मी म्हणालो. "रविवारी मी दुरुस्त केला. आता ऊब येते, म्हणून खिडक्या बंद असतात."

दादाने पार्सल टाकलं आणि किल्ली उचलली.

त्या धुरात एक वायू असतो. त्याला ना रंग ना वास. माणूस गुदमरत नाही, खोकत नाही. फक्त डोकं जड होतं आणि झोप येते. आम्ही दोघेही हे पुरतं जाणून होतो.

दादा गाडी हाकत होता. मी ताईला फोन लावत होतो. ती चालवताना फोन घेत नाही. आम्हीच तिला तसं बजावलं होतं. पहिला थांबा रिकामा. दुसरा रिकामा. बेकरीपाशी कुणी नाही. दादा हॉर्न दाबून धरत होता.

शेवटच्या थांब्यावर व्हॅन दिसली. रस्त्याच्या कडेला नीट लावलेली, इंडिकेटर लुकलुकतोय, इंजिन चालू. सगळ्या काचांवर आतून वाफ धरली होती. फाटकाशी एक बाई मुलाचं दप्तर धरून उभी होती. ती आमच्यावरच उखडली. "तुमची का ही गाडी? पाच मिनिटं काच वाजवतेय, कुणी दारच उघडत नाही! शाळा काय थांबणार आहे?"

दादाने पुढचं दार ओढलं. ताईचं कपाळ स्टिअरिंगवर टेकलं होतं. मी मागचं दार सरकवलं. सहा मुलं एकमेकांच्या खांद्यावर माना टाकून बसली होती, सहलीहून परतताना बसावीत तशी. आम्ही एकेकाला उचलून फूटपाथवर ठेवत गेलो. ती बाई दप्तर टाकून धावली. थंड हवा लागली तसं एक पोर रडायला लागलं, मग दुसरं. एकाने उलटी केली. सहाव्याचं रडणं ऐकू येईपर्यंत मी मोजत राहिलो.

ठिणगी पुढच्या सीटवर पट्टा लावून बसली होती. नॉब तीनवर होता. जाळीतून येणाऱ्या हवेने तिच्या कपाळावरचे केस हलत होते. गाल खेळून आल्यासारखे गुलाबी. मी तिला कडेवर घेतलं तर तिचे हात खाली लोंबले. श्वास होता. पण ती रडली नाही.

दवाखान्यात सगळ्यांना ऑक्सिजन लावला. ताई शुद्धीवर आली, पण डोळे उघडायची आणि पुन्हा मिटायची. डॉक्टरीणबाई कागद घेऊन आमच्यासमोर उभ्या राहिल्या.

"लहान मुलगी गाडीत किती वेळ होती?"

दादाने माझ्याकडे बघितलं. "ती घरूनच बसते. सगळ्यांच्या आधी."

"सव्वासातला निघतात," मी म्हणालो.

"आपण पोचलो तेव्हा आठ वाजून दहा मिनिटं," दादा म्हणाला. "म्हणजे पंचावन्न."

"आणि आजच की आधीही?"

"कालही," मी म्हणालो. "काल तिला मळमळत होतं."

त्यांनी ते लिहून घेतलं. लिहिलेलं पुन्हा वाचलं. "बाकीची मुलं संध्याकाळपर्यंत घरी जातील," त्या म्हणाल्या. "हिला मोठ्या रुग्णालयात हलवावं लागेल. गाडी बोलावलीये. ती कधी शुद्धीवर येईल आणि आल्यावर कशी असेल, ते मला आत्ता सांगता येणार नाही. तिच्या आईला तुमच्यापैकी कोण सांगतंय?"

पडद्यापलीकडे ताई उठून बसायला धडपडत होती. परिचारिका तिला झोपवत होती.

"मी सांगतो," दादा म्हणाला आणि उठला. दोन पावलं गेला आणि थांबला. मी त्याच्याशेजारी जाऊन उभा राहिलो. मग आम्ही दोघे पडदा सारून आत गेलो.