नाक वर करणारी गाडी

"काका, दाबा, दाबा," भूपेश म्हणाला, तोवर पवनी बसस्टँडपुढचा ब्रेकर आलाही होता. शेजारच्या सीटवरून तुलारामनं बटन दाबलं आणि लाल गाडीनं आपलं नाक चार बोटं वर उचललं. ब्रेकर अलगद पोटाखालून गेला. पडद्यावर काहीतरी उमटलं. ही जागा लक्षात ठेवू का, असं गाडी विचारते आहे, भूपेशनं समजावलं. हिरव्या खुणेवर बोट टेकवायचं, की झालं. पुढच्या वेळी इथं गाडी हळू आणली, की ती आपणहून नाक उचलेल. वेगात आणली तर मात्र नाही उचलणार.

"म्हंजे हळू तं माणसालेच करा लागते," तुलाराम म्हणाला. भूपेश हसला. तुलाराम काही हसवायला बोलला नव्हता, पण असो.

गाडी येऊन पंधरा दिवस झाले होते. त्यातले दोन दिवस भूपेशनं राईस मिलच्या आवारात बसून तिच्या सेटिंगमध्येच घालवले. सीटची उंची, स्टेअरिंगचा जडपणा, आतल्या दिव्यांचा रंग, सायलेन्सरचा आवाज गावात वेगळा आणि हायवेवर वेगळा, सगळं पडद्यावर बोट फिरवून. तुलाराम फडकं घेऊन शेजारी उभा राही. एकतीस वर्षं त्यानं या घरच्या गाड्या चालवल्या, पण त्याच्या लेखी सेटिंग म्हणजे आरसा नीट करणं आणि मालकांच्या, बाबूलाल सेठजींच्या, कमरेमागं उशी ठेवणं. या गाडीची मागची सीट तो पहिल्या दिवशी बराच वेळ शोधत होता. ती नव्हतीच. दोनच सीट, एक मालकाची, एक मालकिणीची. ड्रायव्हरनं कुठं बसायचं, हे कुणी विचारलं नाही, कारण उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं.

सेठजींची जुनी पांढरी गाडी सोमवारी गिऱ्हाईक नेणार होतं. बाबूलाल सेठ जाऊन वर्ष झालं, घरात आता त्यांच्या पत्नी, भूपेशच्या आई, चंद्रकांताबाईच मोठ्या. त्यांनी त्याला ओसरीत बोलावून चहा दिला आणि म्हणाल्या, की तुलाराम, खूप केलं तू या घरासाठी, आता आराम कर. आराम म्हणे! अठ्ठावन्नाव्या वर्षी माणूस आराम करून करून किती करणार? त्याला हातात चाक हवं होतं, बस. 'काका, चाक तुम्हीच धरा,' एवढं भूपेशच्या तोंडून ऐकायला तो पंधरा दिवस फडकं घेऊन उभा होता.

भूपेशनं हाक मारली ती वेगळ्याच कामासाठी. अड्याळच्या शाळेपुढच्या ब्रेकरवर गाडीचं पोट घासून पुढची बाजू फुटली होती. नागपूरहून ती दुरुस्त होऊन आली तेव्हा तिथल्या माणसानं हे बटन दाखवलं. मग भूपेश तुलारामला म्हणाला, भंडाऱ्यापर्यंतचे सगळे ब्रेकर तुम्हालाच पाठ आहेत, एकदा गाडीला शिकवून द्या.

आपली जागा घेणाऱ्यालाच शिकवायचं, असं हे काम. पण त्या पोराला त्यानं शाळेत सोडलं होतं, सायकल शिकवली होती. नाही कसं म्हणणार?

ब्रेकर येत गेले, तो बटन दाबत गेला. काही सरकारी, काही लोकांनी आपापल्या दारापुढं बांधलेले, कशावर पांढरे पट्टे आहेत, कशावरचे उडून गेलेले. तुलारामला बघावं लागत नव्हतं. सेठजींना शेवटची दोन वर्षं आठवड्यातून दोनदा डायलिसिसला भंडाऱ्याला न्यावं लागे. येताना त्यांना कसलाच धक्का सोसत नसे. ते कण्हत नसत, नुसती दाराची कडी घट्ट धरत. आरशात ती मूठ दिसली, की तुलाराम त्या जागेची खूणगाठ बांधी आणि पुढच्या खेपेला तिथं गाडी बैलगाडीहून हळू नेई. हा रस्ता तो असा शिकला होता. भूपेश तेव्हा पुण्याला नोकरीत होता.

अड्याळच्या पुढं एक वळण लागतं. तिथं चिंचेच्या सावलीत एक ब्रेकर आहे, काळ्यावर काळा, नवख्याला दिसतच नाही. वळण जवळ आलं तसा तुलारामच्या मनात एक विचार आला आणि त्याची त्यालाच लाज वाटली. गप्प बसलं तर? आज नाही तर उद्या गाडी इथं पुन्हा घासेल, मग बोलावतील म्हाताऱ्याला. भूपेश निवांत होता, एका हातानं चाक धरून. सावली आली. तुलारामचं बोट मांडीवरच होतं.

"बाबू, हळू! समोर हाये," तो म्हणाला.

भूपेशनं करकचून ब्रेक मारला. तुलारामनं बटन दाबलं, नाक वर झालं, ब्रेकर गेला, मग त्यानं हिरव्या खुणेवर बोट टेकवलं. "हा तर मले दिसलाच नसता, काका," भूपेश म्हणाला. तुलारामला एकाएकी फार थकल्यासारखं वाटलं.

पुढं तलाव लागला, रस्त्याच्या कडेनं त्याची पाळ, मातीचा उंच बांध. तिथं रस्ता नवा, गुळगुळीत. तरी तुलाराम म्हणाला, "हळू घ्या बाबू," आणि त्यानं बटन दाबलं, खुणेवर बोटही टेकवलं. गाडी रिकाम्या रस्त्यावर नाक वर करून चालली.

"काका, इथं कुठं आहे ब्रेकर?"

तुलाराम ओशाळला. हाताला सवय झालेली, दुसरं काय.

"नाही जी, ब्रेकर नाही. इथं सेठजी जागे होत. म्हणत, तुलाराम, तलावात पानी किती हाये पाय. मी गाडी हळू करो, मंग तेही मान उचलून पाळीवरून पायत. पानी दिसलं, का म्हणत, चाल, यंदा धान होते." त्यानं पडद्यावरचं बोट मागं घेतलं. "शेवटल्या खेपेले मान उचलली नाही. मीच सांगतलं, भरला हाये म्हणून. भरला नव्हता."

भूपेश समोरच बघत होता. म्हणाला, की ही जागा नंतर गाडीच्या यादीतून काढून टाकतो. मग त्यानं वेग वाढवला.

भंडाऱ्याहून परतल्यावर तो म्हणाला, झालं काका, आता गाडीले सगळं माहीत झालं. सोमवारी गिऱ्हाईक आलं. तुलारामनं पांढरी गाडी पुसून दिली, मागच्या सीटवरची उशी तेवढी मागून घेतली आणि घरी गेला.

पुढं महिन्याभरानं तो बायकोला, मंगलाबाईला, डोळे दाखवायला एसटीनं भंडाऱ्याला घेऊन निघाला. उशी तिच्या पाठीमागं ठेवली होती. तलावाजवळ बस माणसं घ्यायला थांबली, तेवढ्यात मागून तो आवाज आला, सायलेन्सरचा, हायवेवरचा. तुलारामनं खिडकीबाहेर पाहिलं.

लाल गाडी बसला ओलांडून पुढं गेली आणि हळू झाली. रस्ता मोकळा होता, आडवं कुत्रंसुद्धा नव्हतं. गाडीनं नाक चार बोटं वर उचललं. आत भूपेश एकटाच होता, मान उंच करून पाळीपलीकडं बघत होता. मग नाक खाली आलं आणि गाडी निघून गेली.

"काहून हळू झाली जी थे? ब्रेकर तं नाही," मंगलाबाई म्हणाली.

"हाये," तुलाराम म्हणाला, आणि पाणी किती आहे ते बघायला त्यानंही मान उचलली.